वाट्याचा हिशेब

मालवणच्या बंदरावर मासे वजनावर घ्यायची आम्हाला सवय नाही. पापलेट, सुरमई तागडीत जाते ती हॉटेलवाल्यांसाठी. बांगडे, तारली, मोरी आम्ही घेतो ती वाट्यावर. मावशी समोर सात-आठ बांगडे मांडते, तोंडाने भाव सांगते, आपण घासाघीस करतो, शेवटी ती वरून एक लहानसा बांगडा टाकते आणि व्यवहार पुरा होतो. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय.

तर दीडेक वर्षापूर्वी मी तिथे उभी राहून विचारलं, "मावशी, ह्यांचं वजन किती भरेल गो?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी समुद्राची खोली विचारली. "वजन? बांगड्याक कोण तागडीत घालता? खावक नेतंस की सोनाराकडे?"

शेजारच्या दोघी-तिघी खो खो हसल्या. मीही हसले, पण घरी आल्यावर ते बांगडे साफ करून एकेक करून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवलेच. मोबाइलमधल्या अ‍ॅपला ग्रॅम हवे होते ना! वाटा त्याला कळत नव्हता.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे मंडळी, कॅलरी मोजण्याबद्दल सध्या दोनच प्रकारची माणसं बोलताना दिसतात. एक म्हणतात, मोजल्याशिवाय काही खरं नाही. दुसरे म्हणतात, हे सगळं खूळ आहे, आपली आजी काय मोजत होती? मी या दोन्ही गावांना जाऊन आलेय. दोन्हीकडे मुक्काम करण्यासारखं काही नाही, असं माझं मत झालंय.

सुरुवात कशी झाली

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर सहज म्हणून रक्ततपासणी केली. साखर सीमारेषेवर. माझ्या आई-वडिलांना दोघांनाही मधुमेह, त्यामुळे आश्चर्य वाटायला नको होतं, पण वाटलं. कारण मी काही जाड नाही. नातेवाईक अजून "किती बारीक गो तू" म्हणतात.

डॉक्टर हसले. म्हणाले, आपल्या लोकांचं हेच तर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला होता. त्यात ते स्वतः आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकच आकडा सांगतो आणि आतली गोष्ट वेगळीच असते. बारीक हातापायांच्या, पोटात चरबी साठवणाऱ्या आपल्या लोकांना मधुमेह लवकर गाठतो तो यामुळे.

"महिनाभर काय खाता ते लिहून काढा," डॉक्टर म्हणाले, "मग बोलू." लक्षात घ्या, ते महिनाभर म्हणाले होते.

आणि खरं सांगते, त्या महिन्याने माझे डोळे उघडले. मला वाटत होतं, दोष भाताचा असणार. निघाला चहाचा! शाळेत शिक्षकांच्या खोलीत, घरी, शेजारी, कुणी आलं-गेलं की, असा दिवसाला सहा कप चहा. कपाला दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम. साखरेच्या एका ग्रॅमला चार कॅलरी. सहा कपांच्या नुसत्या साखरेच्या झाल्या दोनशे चाळीस! त्याबरोबरची खारी आणि फरसाण वेगळं. आणि हे सगळं मी 'खाणं' म्हणून धरतच नव्हते. जेवण तेवढं खाणं, बाकी सगळं 'असंच'.

दुसरा धक्का नारळाचा. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला चारशेच्या वर कॅलरी असतात. नारळ वाईट असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही (म्हटलं तर मालवणात राहू देणार नाहीत). पण तिघांच्या आमटीला अख्खा नारळ वाटायची सवय ही दहा माणसांच्या घरातली होती. घर तिघांचं झालं, वाटप दहांचंच राहिलं. हे लिहून काढलं नसतं तर कधीच कळलं नसतं.

म्हणून जे म्हणतात ना, "आपली आजी काय मोजत होती," त्यांना माझं सांगणं आहे की आजी विहिरीचं पाणी ओढत होती, पाट्यावर वाटत होती, मळ्यात गुडघाभर चिखलात लावणी करत होती. आपण स्कूटरने कोपऱ्यावरच्या दुकानात जातो. आजीचा नारळ घ्यायचा असेल तर आजीची कळशीपण घ्यायला हवी. निदान महिनाभर वही तरी!

मग काय बिघडलं?

महिना संपला आणि मी थांबले नाही, एवढंच बिघडलं.

साखर खाली आली होती, वजन थोडं उतरलं होतं, सगळे कौतुक करत होते. आणि आकड्याची एक गंमत असते. तो कमी झाला की आणखी कमी करावासा वाटतो. आयसीएमआर आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशीत बैठं काम करणाऱ्या, पंचावन्न किलो वजनाच्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी धरल्यात. माझ्या अ‍ॅपने मला त्याहून बराच खालचा आकडा दिला होता आणि मी त्याच्याही खाली राहून दाखवत होते. कुणाला दाखवत होते, देव जाणे. मर्यादा ओलांडली की पडद्यावर आकडा लाल व्हायचा. त्या लाल रंगाची मला भीती वाटू लागली. चाळिशी उलटलेली बाई, तीस वर्षं पोरांच्या पेपरांवर लाल शाई चालवलेली, आणि मोबाइलवरच्या लाल आकड्याला घाबरतेय!

मग दुसऱ्यांकडे जेवायला जाणं टाळायला लागले, कारण तिथे काटा नाही. आंगणेवाडीच्या जत्रेला गेले, भराडीदेवीचं दर्शन घेतलं, आणि प्रसाद हातात आल्यावर पहिला विचार मनात आला तो, हा नोंदवायचा कसा? माझी मलाच लाज वाटली. पण नोंदवलाच. अंदाजे.

आणि हे 'अंदाजे' फार महत्त्वाचं आहे बरं का. मुळात कॅलरीचा हिशेब अंदाजाचाच असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत अ‍ॅटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने पिष्ट आणि प्रथिनांना ग्रॅममागे चार आणि स्निग्धाला नऊ असे सरासरी आकडे बसवले, त्यावर अजून जग चाललंय. सरासरी म्हणून ते उत्तम आहेत. आपल्याकडच्या पोषण संस्थेने २०१७ साली देशभरातून नमुने गोळा करून ५२८ पदार्थांची कोष्टकं छापली, तेही मोठंच काम. पण बांगड्याच्या अंगातली चरबी वर्षभर एकसारखी नसते, ती मोसमाप्रमाणे कमी-जास्त होते. सोलकढी दाट रसाची की पातळ रसाची? घावन कुणाच्या हातचं? आईच्या हातचं जाळीदार की माझ्या हातचं पोतेऱ्यासारखं? आणि मी मात्र 'एक वाटी सोलकढी' असं टिपून शेवटच्या आकड्यापर्यंत हिशेब जुळवत बसायचे.

शिवाय आकडा सगळं सांगतही नाही. आमच्याकडची उकड्या तांदळाची पेज घ्या. उकडा तांदूळ आणि पांढराशुभ्र पॉलिश केलेला तांदूळ, कॅलरी जवळपास सारख्याच. अ‍ॅपच्या लेखी दोन्ही भाऊ-भाऊ. पण भात उकडून मग सडला की त्यातलं ब-१ जीवनसत्त्व बरंचसं दाण्यात टिकतं, पॉलिशमध्ये ते कोंड्याबरोबर जातं. त्याच्या अभावी बेरीबेरी व्हायचा. आज हैदराबादला असलेली ती पोषण संस्था मुळात सुरू झाली तीच बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी, १९१८ साली, कुन्नूरला एका खोलीत. रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी सुरू केली ती. गंमत बघा, त्याच १९१८ साली अमेरिकेत ल्यूलू हंट पीटर्स नावाच्या डॉक्टरीणबाईंचं पुस्तक निघालं, ज्यात त्यांनी बायकांना शिकवलं की 'पावाचा एक तुकडा' म्हणू नका, 'शंभर कॅलरी पाव' म्हणा. एकीकडे अन्नात काय कमी पडतंय याचा शोध, दुसरीकडे अन्नाचं नावच पुसून आकडा लिहायचा धडा. शंभर वर्षांनी मी कट्ट्याच्या घरात बसून तो दुसरा धडा गिरवत होते.

चतुर्थी

इथवर सगळं माझ्यापुरतं होतं. हसण्यावारी नेता आलं असतं. पण मग चतुर्थी आली.

आमच्याकडे गणपती पाच दिवस. डोंबिवलीहून दीर, जाऊबाई आणि पुतणी आली. पुतणी पंधरा वर्षांची, दहावीतली. उंच, शांत, माझी लाडकी. पहिल्या दिवशी पानं मांडली. काळ्या वाटाण्याचं सांबारं, अळूची भाजी, वरणभात आणि मोदक. मी सवयीने एक मोदक बाजूला काढून काट्यावर ठेवला.

सासूबाई (आम्ही आईच म्हणतो) दारातून बघत होत्या. "काय गो, मोदकाकव आता तिकीट लागता?"

सगळे हसले. पुतणी हसली नाही. तिने आपला मोदक उचलला आणि माझ्या मोदकाशेजारी काट्यावर ठेवला. मग आकडा बघून तो परत ताटलीत ठेवून दिला. खाल्ला नाही.

रात्री जाऊबाईंना विचारलं तेव्हा त्या रडायलाच लागल्या. गेले चार महिने हे चालू होतं. डबा तसाच परत येतो. मैत्रिणींचे वाढदिवस टाळते. दोन महिने पाळी आली नव्हती. "तुमच्याच फोटोवरून सुरू झालं हो वहिनी," त्या म्हणाल्या. रागाने नाही, नुसतंच सांगितलं.

मी घरच्या ग्रुपवर माझ्या पडद्याचे फोटो टाकत असे. आज इतक्या, काल तितक्या. खाली अंगठे, टाळ्या. मला वाटायचं, घरात सगळ्यांना उत्साह येईल. त्यातला एक अंगठा पंधरा वर्षांच्या मुलीचा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या पडवीत आम्ही दोघी बसलो. मी काहीतरी समजावायला लागले, वाढीचं वय वगैरे. ती म्हणाली, "काकी, तू पण तर तेच करतेस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून निरीक्षणं केली होती. धडधाकट, शहाणी मुलं. थोड्याच काळात त्यांना खाण्याशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, घास घोळवत तास तास जेवायची. हे वाचलं तेव्हा मला पुतणीचा मोबाइल आठवला. त्यात नुसते केकचे व्हिडिओ होते. जी मुलगी मोदक खात नव्हती, ती रात्री केक बघत झोपत होती. उपाशी मेंदू असाच वागतो. त्याला हट्टीपणा म्हणणं चूक आहे.

डोंबिवलीला गेल्यावर तिला डॉक्टरांकडे नेलं, मग समुपदेशकाकडेही. आता ती बरीच बरी आहे. 'पूर्ण बरी' लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? जेवते. कधी कधी अजून ताटाकडे बघत बसते.

आईंची वही

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं तेव्हा आईंनी मला जवळ बोलावलं. त्यांनी माळ्यावरून एक जुनी पत्र्याची ट्रंक काढायला लावली. त्यात वह्या. सासरे मुंबईला गिरणीत होते, महिन्याला मनीऑर्डर यायची. तेवढ्यात पाच मुलं, सासू, गोठा. आई चौथी शिकलेल्या. मीठ, रॉकेल, चहापूड, पोरांच्या पाट्या, सगळं पैशासकट लिहिलेलं.

मी म्हटलं, "आई, तुम्हीपण मोजायचात की!"

"मोजूचय," त्या म्हणाल्या. "महिन्याच्या आखरेक. चुलीपाशी नाय. पावणो इलो की वही बंद. पावण्याच्या पानातलो हिशेब करूचो नसता. नि पोरांच्या पानातलो तर कध्धीच नाय."

मग वह्या चाळता चाळता एक गोष्ट दिसली. प्रत्येक वर्षी भाद्रपदात चार-पाच दिवस कोरे आहेत. गणपतीचे. खर्च त्या दिवसांत सगळ्यात जास्त झाला असणार, पण त्या दिवसांची नोंदच नाही. पुढच्या पानावर नुसतं एक ओळ: चतुर्थी, आणि एक ठोक आकडा. बस्स. कुणी किती मोदक खाल्ले याचा पत्ता नाही.

या बाईने आयुष्यभर हिशेब ठेवला आणि ती हिशेबी झाली नाही. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे.

तर मग माझं मत

आपल्या महाराष्ट्रात खाण्याच्या लाटा काही कमी आल्या नाहीत. २००९ साली ऋजुता दिवेकरांचं पुस्तक आलं आणि तूप पुन्हा ताटात आलं. २०१८च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवा, पंचावन्न मिनिटांत संपवा, हे घरोघरी पोचलं. या दोघांनीही कॅलरी मोजायला सांगितलेलं नाही, आणि दोघांचंही पटणारे लाखो आहेत. मी कुणाच्या विरोधात नाही. पण मला स्वतःला लिहून काढण्याचा उपयोग झाला, हे नाकारता येत नाही. म्हणून मोजणं सोडा असं मी म्हणणार नाही. मी म्हणेन, मोजण्याला दार ठेवा. आत जायचं आणि बाहेर यायचंही.

मी आता काय करते ते सांगते. तीन-चार महिन्यांतून एकदा, एक आठवडा लिहिते. कागदावर. आधी पदार्थाचं नाव, मग किती ते, वाटीत किंवा पळीत. आकडा आठवड्याच्या शेवटी, एकदाच, तोही मोघम. त्यातून एकच गोष्ट बदलायची ठरवते. चहा सहाचा दोनवर आला, तो असाच. नारळ अर्धा झाला, तोही असाच. बाकी दिवस वही माळ्यावर.

सणाचं, दुसऱ्याच्या घरचं आणि प्रसादाचं लिहीत नाही. दुसऱ्याच्या पानाकडे बघून बोलत नाही, 'किती बारीक झालीस' हे कौतुकानेसुद्धा म्हणत नाही. कुठलाही फोटो कुठेही टाकत नाही.

वाढत्या वयातल्या मुलामुलींनी हे करूच नये. गरोदर बायकांनी आणि ज्यांचं खाण्याशी आधी कधी भांडण झालंय त्यांनी आपल्या मनाने करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, त्यांनी डॉक्टर सांगतील ते आणि तसंच मोजावं. ते औषधाचं माप आहे.

आणि सवय कुठे संपते, खूळ कुठे सुरू होतं, याची माझी साधी परीक्षा अशी: ज्या जेवणाचा आकडा आपल्याला माहीत नाही, त्या जेवणाला आपण आनंदाने बसू शकतो का? बसता येत असेल तर वही आपल्या हातात आहे. छातीत धडधड होत असेल तर आपण वहीच्या हातात आहोत. तेव्हा वही मिटायची आणि कुणाशी तरी बोलायचं. डॉक्टरांशी बोललात तर उत्तम.

यंदा साखर पुन्हा तपासली. सीमारेषेच्या आतच आहे. वजन एक-दीड किलो वाढलंय. काटा स्वयंपाकघरातून गेला, आता तो शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. पोरं त्यावर खडू मोजतात.

मागच्या रविवारी बंदरावर गेले होते. तीच मावशी. मला बघून लांबूनच ओरडली, "ये गो सोनारीण!" सगळा बाजार हसला. मी वाटा घेतला, थोडी घासाघीस केली. तिने वरून एक लहानसा बांगडा टाकला.

तो वरचा बांगडा कुठल्या खात्यात धरायचा हे मला अजून कळलेलं नाही. तळून खाल्ला.